सुसरबाईची पाठ

गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात म्हणी शिकवताना ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण आली. भर नदीत सुसरीच्या पाठीवर बसून पैलतीराला निघालेला माणूस तिची स्तुती करण्यावाचून दुसरे काय करणार, ज्याच्या हाती आपला जीव आहे त्याला गोड बोलावेच लागते, असा अर्थ मी फळ्यावर लिहून दिला. मुलांनी तो उतरवून घेतला. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि विचारले, “मॅडम, पण खरंच मऊ असती का तिची पाठ?”

मी उत्तर दिले ते अर्थातच म्हणीचे होते, सुसरीचे नव्हते. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. आमच्या मुलांना मगर ठाऊक आहे ती भिंतीवरच्या तक्त्यात ‘म’ या अक्षराशेजारी बसलेली हिरवी मगर, जांभळाच्या झाडावरच्या माकडाचे काळीज मागणारी गोष्टीतली मगर, आणि अलीकडे मोबाइलवरच्या चित्रफितींतली मगर. २०२४च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून चालत गेलेल्या मगरीची चित्रफीत आमच्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने पाहिलेली होती. परंतु ती कोठे राहते, काय खाते, उन्हाळा कसा काढते, पिल्ले कशी वाढवते, यांतले काहीच त्यांना माहीत नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही फारसे नव्हते. म्हणून दप्तराविना भरणारे पुढचे चार शनिवार आम्ही मगरीला द्यायचे ठरवले, आणि त्याआधीचे दोन आठवडे मी स्वतः वाचनात घालवले.

आमचे गाव लातूर जिल्ह्यात, मांजरा नदीच्या काठी आहे. पहिल्या शनिवारी मी मगरीपासून नव्हे, तर नदीपासून सुरुवात केली. मांजरा बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातील बालाघाटच्या रांगेत उगम पावते, धनेगावच्या धरणात अडते, आमच्या जिल्ह्यातून वाहत कर्नाटकात बीदरकडे जाते, आणि तेलंगणात शिरल्यावर मंजीरा या नावाने ओळखली जाऊन शेवटी कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. हा सारा प्रवास मुलांनी नकाशावर बोटाने केला. मग मी सांगितले की याच नदीवर, तेलंगणात संगारेड्डीजवळ मंजीरा अभयारण्य आहे आणि तेथे मगरी राहतात. वर्ग एकदम शांत झाला. “आपल्याच मांजरेत?” एकाने विचारले. होय, आपल्याच मांजरेत, आपल्या गावावरून गेलेले पाणी पुढे जेथे जाते तेथे. मगर हा आफ्रिकेतला किंवा पडद्यावरचा प्राणी नसून आपल्याच नदीच्या खालच्या अंगाला राहणारी शेजारीण आहे, हे त्या दिवशी मुलांच्या मनात पक्के बसले, आणि माझ्या मते त्यानंतरचे सगळे शिकणे त्यामुळेच सोपे झाले.

मगर केवढी असते हे शब्दांनी सांगून कळत नाही. शाळेच्या व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर आम्ही खडूने चार मीटर लांबीची मगर काढली. तिच्यावर तिसरीची तीन मुले डोक्याला पाय लावून एका ओळीत झोपली, तरी शेपटीचे टोक उरलेच. नदीत, तळ्यात राहणारी आपली मगर बहुधा याहून लहान असते, क्वचित मोठीही होते. नंतर माझ्या टेबलावरची एक फुटाची पट्टी त्या चित्राशेजारी ठेवून मी सांगितले की अंड्यातून निघालेले पिल्लू एवढे असते. पट्टी आणि चित्र यांच्याकडे मुले आळीपाळीने पाहत राहिली.

त्यानंतर पाठीचा प्रश्न घेतला, कारण तो सर्वांत जुना होता. मगरीच्या पाठीवरच्या खवल्यांखाली हाडाच्या चकत्या असतात. त्यांच्यामुळे पाठीवर उंचवट्यांच्या रांगा दिसतात आणि ती चिलखतासारखी कठीण होते. पोटाकडची कातडी मात्र तुलनेने गुळगुळीत आणि मऊ असते. याच कातडीने तिचा घात केला. पाकिटे, पट्टे आणि पादत्राणे यांसाठी तिची इतकी शिकार झाली की विसाव्या शतकाच्या मध्यानंतर देशातल्या अनेक नद्यांमधून मगरी दिसेनाशा झाल्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण मिळाले, आणि १९७५पासून केंद्र सरकारने मगर संवर्धनाचा प्रकल्प हाती घेतला, ज्यात नदीकाठची अंडी गोळा करून, उबवून, पिल्ले थोडी मोठी होईपर्यंत सांभाळून पुन्हा नदीत सोडण्यात आली. तेव्हा म्हणीतली पाठ मऊ नव्हती, हे त्या मुलीला उत्तर मिळाले.

मगर आणि सुसर यांत फरक काय, असा प्रश्न ओघाने आला. बोलीत या दोन शब्दांची सरमिसळ होते. भारतात या गटातले तीन प्राणी आहेत. नद्या, तळी, धरणे येथे राहणारी रुंद तोंडाची ती आपली मगर. लांब, अरुंद तोंडाची, मुख्यतः मासे खाणारी ती सुसर. तिच्या नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा उंचवटा असतो आणि त्यावरूनच तिला हिंदीत घडियाल म्हणतात. ती चंबळसारख्या उत्तरेकडच्या नद्यांत आढळते. तिसरी खाऱ्या पाण्यातली, सर्वांत मोठी आणि सर्वांत धोकादायक. ती ओडिशातल्या भितरकनिकात, सुंदरबनात आणि अंदमानात राहते. एवढे सांगून मी पुढे गेले, कारण तिघींची तुलना पाठ करून घेण्यापेक्षा एकीचीच नीट ओळख व्हावी असे मला वाटत होते.

मुलांना ओळख करून द्यायची तर प्राण्याच्या दातांपासून सुरुवात करू नये, त्याच्या दिवसापासून करावी, असे माझे मत या चार शनिवारांत बनले. मगर सकाळी पाण्याबाहेर येते आणि काठावर उन्हात पडून राहते. आपल्यासारखे आतून गरम राहण्याची सोय तिच्या शरीरात नाही. ऊब बाहेरून, उन्हातून घ्यावी लागते. अंग तापले की ती पाण्यात किंवा सावलीत जाते. उन्हात पडलेली मगर पुष्कळदा तोंड उघडे ठेवते. “कोणाला भेव दाखवायला?” असे एकाने विचारले. भीती दाखवण्यासाठी नव्हे. उन्हाळ्यात कुत्रे जीभ बाहेर काढून धापा टाकते, त्याच जातीची ही गोष्ट आहे. तोंडातल्या ओलाव्यातून उष्णता बाहेर पडते. पावसातही ती कधीकधी तोंड उघडून पडलेली असते, म्हणजे एवढे एकच कारण नसावे. मगरीला आपली जीभ कुत्र्यासारखी बाहेर काढता येत नाही, कारण ती तोंडाच्या तळाशी चिकटलेली असते. हे कळल्यावर सगळा वर्ग आपापली जीभ बाहेर काढून पाहू लागला.

शरीर गरम ठेवण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही, म्हणून मगरीला आपल्याएवढे खावेही लागत नाही. एकदा पोटभर खाल्ले की मोठी मगर कित्येक आठवडे उपाशी राहू शकते. पिल्ले किडे, बेडूक, लहान मासे खातात. मोठ्या मगरी मासे, कासवे, पक्षी आणि पाण्यावर आलेली जनावरे धरतात. धावून पाठलाग करणे हा तिचा मार्ग नव्हे. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असल्यामुळे सारे अंग पाण्याखाली ठेवून ती पाहू, ऐकू आणि श्वास घेऊ शकते. पूर्ण बुडी मारली की नाकपुड्या आणि कान झडपांनी मिटतात, डोळ्यांवर पारदर्शक तिसरी पापणी येते, आणि घशाशी असलेला पडदा बंद झाल्यामुळे पाण्यात तोंड उघडले तरी पाणी आत जात नाही. जबड्यांवरचे बारीक काळे ठिपके पाण्यावरचा हलका तरंगसुद्धा टिपतात. अंधारात, डोळ्यांना काही दिसत नसताना, काठावर कोणी हात बुडवला हे तिला त्या ठिपक्यांवरून कळते. चेन्नईजवळ १९७६ साली रॉम्युलस व्हिटेकर यांनी सुरू केलेल्या मद्रास क्रोकोडाइल बँकेतील मगरी, पक्ष्यांच्या घरटी बांधण्याच्या दिवसांत, तोंडावर काड्या घेऊन निश्चल पडून राहत असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे, आणि काडी उचलायला आलेल्या बगळ्यावर त्यांनी झडप घातल्याचेही.

आपल्या भाषेने मगरीचे दोन शब्द करून ठेवले आहेत, तेही आम्ही तपासले. पहिला ‘मगरमिठी’. जबडा मिटण्याचे तिचे स्नायू अतिशय बळकट असतात, त्यामुळे पकड सुटत नाही, हे खरे. जबडा उघडण्याचे स्नायू मात्र इतके दुबळे असतात की मिटलेल्या तोंडाभोवती दोरी बांधली तरी ती उघडू शकत नाही. म्हणूनच वनविभागाचे प्रशिक्षित लोक वाट चुकलेली मगर पकडताना तिच्या डोळ्यांवर ओले पोते टाकतात आणि आधी तोंड बांधतात. दुसरा शब्द ‘नक्राश्रू’. मगरीच्या डोळ्यांत पाणी येते ते डोळा ओला राखण्यासाठी, आपल्या डोळ्यांत असते तसेच. त्यात खोटे दुःख नाही आणि खरेही नाही. हा शब्द वापरूच नये असे मी मुलांना सांगितले नाही, पण मगरीवर तो थोडा अन्याय करतो, हे मात्र सांगितले.

तिसरा शनिवार अंड्यांसाठी होता, आणि तो सगळ्यांत जास्त रंगला. घरोघरी कोंबड्या असल्यामुळे खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवस अंडी उबवते हे मुलांना पाठ आहे. मगर अंड्यांवर बसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी काठावरच्या उतारावर मागच्या पायांनी खड्डा खणते, त्यात साधारण पंचवीस-तीस अंडी घालते आणि तो माती किंवा वाळूने बुजवून टाकते. ऊब देण्याचे काम जमिनीवर सोपवलेले असते. शाळेच्या कुंपणाचे बांधकाम चालू होते, त्याचा वाळूचा ढीग आयताच होता. दुपारी त्या ढिगावर पाय ठेवला तर चटका बसत होता, आणि हात कोपरापर्यंत खुपसला की आतली वाळू कोमट लागत होती. प्रत्येक मुलाने हात घालून पाहिला. खोल वाळूत दिवसाचे आणि रात्रीचे तापमान फारसे हलत नाही, हे मी सांगण्यापूर्वी त्यांच्या हातांना कळले होते.

त्यानंतर सांगितलेली गोष्ट ऐकून मुलांच्या इतकाच माझाही विस्मय अजून संपलेला नाही. अंड्यातले पिल्लू नर होणार की मादी हे मगरीत अंडे घालतेवेळी ठरलेले नसते, ते घरट्याच्या तापमानावर ठरते. ते ३१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी राहिले तर माद्या होतात, ३२.५ अंशांच्या आसपास राहिले तर नर होतात. एक-दीड अंशाचा खेळ. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर जातो आणि उन्हाळे अधिकाधिक कडक होत चालल्याचे आम्ही पाहतो आहोत. अशा काळात मगरीने खड्डा सावलीत खणला की उघड्यावर, खोल खणला की उथळ, याला केवढा अर्थ आहे हे मुलांना समजले.

दोन-अडीच महिने मादी घरट्याच्या आसपासच राहते. घोरपडी, मुंगूस, कोल्हे अंड्यांच्या वासावर असतात. पावसाच्या आगेमागे पिल्ले अंड्याच्या आतूनच चिरचिर आवाज करून हाका मारू लागतात. तो आवाज ऐकून मादी खड्डा उकरते आणि पिल्ले तोंडात घेऊन पाण्यापर्यंत नेते. ज्या तोंडात साठाहून अधिक दात आहेत, ज्याच्या पकडीवरून आपण ‘मगरमिठी’ म्हणतो, त्याच तोंडात एक फुटाची पिल्ले सुखरूप असतात. मद्रास क्रोकोडाइल बँकेत नरानेही हे काम केल्याचे पाहिले गेले आहे. “बाप पण?” असे तीनचार मुलींनी एकदम विचारले. हो, बापही. तरीही पिल्लांतली बहुतेक मोठी होत नाहीत. बगळे, मोठे मासे, कासवे आणि कधी मोठ्या मगरीही त्यांना खातात. हे मी लपवले नाही. मुलांना निसर्गाची गोड केलेली आवृत्ती द्यावी असे मला वाटत नाही, आणि ती त्यांना लागतही नाही.

मग नदी आटली की मगर काय करते? हा प्रश्न मराठवाड्यातले मूल विचारणारच. एप्रिल २०१६मध्ये लातूरला पाणी देण्यासाठी मिरजेहून रेल्वे आली होती. आज चौथीत असलेली मुले तेव्हा जन्मलेली असली-नसली, तरी ती गोष्ट त्यांनी घरी शंभरदा ऐकलेली आहे. आपली मगर या बाबतीत खंबीर आहे. काठाच्या मातीत ती लांब बीळ खणते आणि कडक ऊन असो वा थंडी, त्यात पडून राहते. पाणी अगदीच संपले तर रात्री जमिनीवरून चालत दुसरे पाणी शोधायला निघते. काठ शाबूत असेल तरच हे शक्य आहे. वाळूचा उपसा होऊन काठ खचले, किंवा दगडकाँक्रीटने बांधून काढले, तर तिला बीळही खणता येत नाही आणि अंडीही घालता येत नाहीत. आमच्या नदीच्या वाळूचे काय झाले आहे हे मुले रोज शाळेत येताना पाहतात, त्यामुळे येथे मला अधिक बोलावे लागले नाही.

त्या रेल्वेने आले ते कृष्णेचे पाणी होते, आणि सांगली-मिरजेच्या परिसरातली कृष्णा ही मगरींची नदी आहे, असे मी ओघात म्हणाले. तेव्हा शेवटच्या ओळीतला एक मुलगा हळूच म्हणाला, “मी बघितली हाय.”

या मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघायचे, सांगली-कोल्हापूरकडच्या फडांवर कोपी टाकून राहायचे, आणि उन्हाळ्यात परतायचे, हा त्यांचा वर्षक्रम आहे. त्या वर्षी मुकादमाचे काम लवकर आटोपल्यामुळे तो मार्चमध्येच परत आला होता. वर्गात तो सहसा बोलत नसे, कारण बुडालेल्या महिन्यांमुळे त्याला पुस्तकातले फारसे येत नाही असे त्याला आणि कदाचित आम्हा सर्वांनाही वाटत होते. त्या दिवशी मात्र तो अर्धा तास बोलत होता. कृष्णेच्या पलीकडच्या काठावर सकाळी पडलेली मगर त्याने अनेकदा पाहिली होती. ती पाण्यात कशी शिरते, तर उडी मारत नाही, घसरत जाते आणि आवाज होत नाही, हे त्याने हात पुढे सरकवून दाखवले. त्याची आई पाणवठ्यावर वाकून धुणे धुत नसे. घागरी भरून वर आणायची आणि कोपीपाशी धुवायची. अंधार पडल्यावर कोणी मूल नदीकडे जायचे नाही, हा टोळीचा नियम होता.

मगर माणसावर हल्ला करते, कृष्णाकाठी तशा घटना घडलेल्या आहेत, हे मुलांपासून लपवणे चुकीचे ठरेल. उन्हाळ्यात पाणी डोहापुरते उरते आणि माणूस, जनावर, मगर असे सारे त्याच डोहावर येतात, तेव्हा धोका वाढतो. घरटे राखणारी मादी जवळ आलेल्याला सोडत नाही. काठावर वाकून बसणारा माणूस तिला लहान जनावरासारखा दिसतो. आमच्या गावात मगर नाही, पण आमच्या गावातली मुले दर हिवाळ्यात मगरींच्या नदीकाठी झोपतात, आणि त्यांच्यासाठी ही माहिती सामान्य ज्ञानाचा प्रश्न नाही. त्या मुलाच्या आईला जे ठाऊक होते, त्याची कारणे आम्ही त्या दिवशी एकेक करून जुळवली: वाकायचे का नाही, अंधारात का जायचे नाही, दगड का मारायचे नाहीत. भीतीने सांगितलेला नियम मूल पाठ वळली की मोडते. मगर कशी पाहते आणि कशी ऐकते हे कळलेले मूल तो मोडताना थांबते, असा माझा अनुभव आहे.

चौथ्या शनिवारी वेरूळची छायाचित्रे पाहिली. एकविसाव्या लेण्याच्या दर्शनी भागात मकरावर उभी असलेली गंगा आहे. मकर हा कल्पनेतला प्राणी. शिल्पकाराने त्याला वळलेली सोंड आणि फुललेली शेपटी दिली आहे, तरी त्याच्या जबड्यात मगर ओळखू येते. पांडुरंगाच्या कानांतल्या मकरकुंडलांतला मकरही हाच आणि संक्रांतीच्या राशीचाही हाच, असे सांगितले तेव्हा ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता ती म्हणाली की गंगा तर त्याच्या पाठीवर आरामात उभी आहे, तिला टोचत नसेल का. मला उत्तर सुचले नाही.

मग सुट्टी लागली. जूनच्या मध्यावर शाळा उघडली, त्याच्या आदल्या रात्री पहिला मोठा पाऊस झाला होता. व्हरांड्यात ओल आली होती आणि फरशीवरची मगर पुसून गेली होती. तिच्या शेपटीचा थोडा भाग तेवढा भिंतीकडेला उरला होता. ऊसतोडीवाला मुलगा त्या जागेपाशी उभा होता. “मॅडम, आता पिल्लं निघाली असतील,” तो म्हणाला. असतील, मी म्हणाले, हेच दिवस आहेत. त्याने माझ्याकडून फूटपट्टी आणि खडू मागून घेतले, कोरडी फरशी पाहून तो गुडघ्यांवर बसला, आणि पट्टी ठेवून एकाशेजारी एक, बरोबर एक फुटाची पिल्ले काढू लागला. अकरावे पिल्लू अर्धे झाले तेव्हा खडू संपला, आणि तो दुसरा आणायला वर्गात धावला.